आई म्हणतात, ती रडत नाही

३ फेब्रुवारी, सोमवार

बाळंतपणाची रजा संपली. चिमीला घरी ठेवून ऑफिसला गेले. दुपारची औषधाची वाफ आजपासून सासूबाई देणार.

संध्याकाळी चप्पल काढायच्या आत विचारलं, "रडली का हो, आई?"

"नाही गं. छान घेतली."

छान घेतली? माझ्याकडे मास्क नुसता दिसला तरी अंग ताठ करते, निळी पडेस्तोवर रडते. एका हाताने तिचं डोकं धरायचं, दुसऱ्याने मास्क. मग छाती-पाठ थापटायची, कफ सुटावा म्हणून. तोवर आम्ही दोघी घामाघूम.

आणि आईंकडे छान घेतली.

५ फेब्रुवारी

आजही छान घेतली म्हणे.

७ फेब्रुवारी

नवऱ्याजवळ विषय काढला. म्हणाला, "आई खोटं कशाला बोलेल?"

खोटं बोलतात असं नाही म्हणत मी. नातीचं रडणं त्यांना बघवत नाही. रडायला लागली की मास्क बाजूला ठेवत असतील, एवढंच. पण डॉक्टर काय म्हणाले होते? सिस्टिक फायब्रोसिस जन्मभराचा. छातीतला कफ चिकट, आपला आपण सुटणार नाही. एक वेळ चुकवली की तो तिथेच ठाण मांडणार.

"तू उगाच डोक्यात घेतेस," म्हणाला आणि कूस बदलली.

उगाच? बरं.

१० फेब्रुवारी

जिन्यात शेजारीण भेटली. "तुमचं ते मशीन सकाळभर घरघरत असतं हो. बाळाला जास्त झालंय का?"

सकाळभर? सकाळची वाफ तर मीच देऊन निघते.

म्हणजे मशीन नुसतंच चालू ठेवतात. भिंतीपलीकडे ऐकू जावं म्हणून. म्हणजे कुणी विचारलं तर शेजारीण साक्षीला आहेच. माझ्या मनात इतकं वाईट येतंय याची लाज वाटते. पण येतंय खरं.

१२ फेब्रुवारी

कुणाला न सांगता अर्धी रजा टाकली. आवाज न करता कुलूप उघडलं.

स्वयंपाकघरात ओट्यावर मशीन घरघरतंय. नळी मोकळी, औषधाची वाटी कोरडी. बाहेरच्या खोलीत चिमी सतरंजीवर, तोंडात जुना मास्क, मजेत चघळतेय. सासूबाई शेजारी बसून मटार सोलतायत.

माझा तोल गेला. "जमत नसेल तर सांगा ना, आई. मी नोकरी सोडते. पण तिच्या जिवाशी खेळू नका."

त्यांचे हात थांबले. वाटलं, आता रडतील. रडल्या नाहीत. घड्याळाकडे बघितलं. "वेळ झालीच आहे. बस. बघ."

हात धुतले. मशीन बंद करून बाहेर आणलं, वाटीत औषध ओतलं. चिमीला मांडीवर घेतलं, पाठ स्वतःच्या पोटाशी. धुतलेला मास्क पुढे केला, तर चिमीनेच तो दोन्ही हातांनी नाकाकडे ओढला. सासूबाईंनी तो नीट बसवला. मशीन सुरू झालं तशा त्याच सुरात गुणगुणायला लागल्या. चिमी एकदा कुरकुरली, मग पंख्याकडे बघत राहिली. औषध संपेपर्यंत मास्क हलला नाही.

मग तळहाताची ओंजळ करून पाठ थापटली. पोकळ, एकसारखा आवाज. चिमी चक्क पेंगायला लागली.

"मशीनच्या आवाजाला घाबरायची ती. आता तो आवाज घरातलाच झालाय. जुना मास्क उकळून दिलाय चघळायला."

"मग मला सांगितलं का नाही?"

"तू रोज एवढंच विचारायचीस, रडली का."

मटार मी सोलले.

१४ फेब्रुवारी

तपासणी. छाती पहिल्यापेक्षा मोकळी आहे. थापटणं कसं करता ते फिजिओथेरपिस्टबाईंनी दाखवायला सांगितलं. सासूबाईंनी दाखवलं. बाई बघतच राहिल्या. "हात तयार आहे तुमचा. कुठे शिकलात?"

"असंच," म्हणून सासूबाईंनी चिमीचं टोपडं बांधायला घेतलं.

असंच कसं? आम्हाला शिकवलं त्या दिवशी त्या आल्याच नव्हत्या. नंतरही मला काही विचारलं नाही. रात्री नवऱ्याला विचारलं, तर म्हणाला, "मला काय माहीत?" आता ह्या माझ्यापासून आणखी काय लपवतायत?

१६ फेब्रुवारी, रविवार

आज मी वाफ देत होते, त्या शेजारी बसल्या होत्या. आपणहून बोलल्या. माझ्या नवऱ्याच्या आधी त्यांना एक मुलगी झाली होती. सारखी खोकायची. एका नर्सने पाठ थापटायला शिकवलं होतं. पापा घेतला की ओठांना मीठ लागायचं. आजार काय ते कुणालाच कळलं नाही. वर्षाची व्हायच्या आत गेली.

"डॉक्टर म्हणाले ना, चिमीच्या घामात मीठ फार आहे," म्हणाल्या, "तेव्हा मला कळलं, माझ्या लेकीला काय झालं होतं."

आपल्याला बहीण होती हे नवऱ्याला ठाऊकच नाही.

"तू सांगशील का गं त्याला?"