भरवशाचा नसल्याचा दाखला मिळणेबाबत

प्रति,
मा. ठाणेदार साहेब,
पोलीस ठाणे, सावरटेक फाटा,
ता. मंगरूळपीर, जि. वाशिम.

अर्जदार: अमरदीप लखीराम आडे, ट्रेलरचालक,
मूळ राहणार अनसिंगजवळचा तांडा,
हल्ली मुक्काम ट्रेलरखाली, मौजे सावरटेक.

विषय: अर्जदार हा भरवशाचा माणूस नसल्याचा दाखला सहीशिक्क्यानिशी, शक्यतो वारा सुटण्याच्या आत, मिळणेबाबत.

संदर्भ: १) अर्जदारास नोकरीच्या वेळी पोलिसांकडून मिळालेला चांगल्या वर्तणुकीचा दाखला.
२) मनकर्णाबाई डाखोरे यांचे तोंडी उत्तर, त्यांच्याच ओट्यावरून.

महोदय,

१. सविनय सादर करतो की, मी ट्रेलरचालक असून सध्या माझ्याकडे ट्रेलर आहे, पण चालवायला काही नाही. आमच्या लाईनीत ट्रेलर ओढणाऱ्या पुढच्या गाडीला घोडा म्हणतात. पवनचक्कीचे एक पाते घेऊन मी शेलूबाजारला महामार्ग सोडला, कंपनीच्या माणसाने आतला रस्ता दाखवला, आणि सावरटेकच्या चढावर वळण बसेना. कंपनीने घोडा सोडवून दुसऱ्या पात्यासाठी नेला. मला सांगितले, "माल सोडून हलायचं नाही. उद्या घोडा येतो." तेव्हापासून रोज उद्याच आहे. फोन केला की साहेब फक्त "घोडा निघाला" म्हणतात आणि ठेवून देतात. मी स्टेअरिंग नसलेल्या गाडीचा चालक आहे, याची नोंद व्हावी.

२. सदर पाते इतके लांब आहे की एका टोकाला उभे राहून शिवी दिली तर दुसऱ्या टोकाला शब्द पोचतात, राग पोचत नाही. त्याची मुळाकडची बाजू लोखंडी चौकटीत बोल्टने कसलेली आहे. टोकाकडची बाजू स्टँडवर ठेवून कापडी बेल्टांनी आवळलेली असते. म्हणजे होती. ट्रेलर चढावर आहे, चाकांखाली दगड आहेत, आणि टोकाच्या बरोबर खाली, उताराच्या पायथ्याशी, मनकर्णाबाई डाखोरे यांचे घर आहे. घरात त्या, बाळंतपणाला माहेरी आलेली त्यांची मुलगी वैजयंती आणि तिची तान्ही मुलगी अशा तिघी जणी राहतात. टोक सुटले तर पाते कलंडणार आणि उताराने थेट त्या घरावर जाणार. हे मी अंदाजाने लिहीत नाही. डोळा लागला की रोज तेच पाहतो.

३. आता आपण म्हणाल, बेल्ट सैल कसे पडले. साहेब, ते सैल पडले नाहीत, ते गेले. त्याची हकीकत अशी.

मी आलो त्या दिवशी गावकरी जमले आणि "काबे, कोण तू? टायर चोरणाऱ्या टोळीतला त नाई?" अशी विचारणा झाली. मी घाबरून खिशातला दाखला काढला. तो वैजयंतीताईंनी दाराआडून मोठ्याने वाचला. "सदर इसम सचोटीचा व भरवशाचा असून…" एवढे ऐकताच गावाचा चेहरा बदलला. भाकर आली, पिठले आले, वर कांदा फोडून आला. तेव्हापासून मी या गावाचे जेवतो आहे, आणि ज्याचे जेवतो त्याला दोरीला नाही म्हणता येत नाही. हे कायद्यात नसले तरी आपणही जिल्ह्यातलेच आहात.

वच्छलाबाईंची पाण्याची मोटर विहिरीत लटकली. त्या म्हणाल्या, "बापू, तासाभरासाठी पट्टा दे." दिला. मोटर अर्ध्यावर येऊन अडकली, ती अजून तिथेच बेल्टाला लटकून आहे. जगदेवरावांच्या घरावरची टिने वावधनात, म्हणजे वादळी वाऱ्यात, उडायला आली होती, म्हणून त्यांना दोन दिले. मग मनकर्णाबाई स्वतः चढ चढून आल्या. म्हणाल्या, "दोरीनं पाळणा कुरकुर करते रे, लेकरू झोपत नाई. तुया पट्ट्यानं नाई करनार." मी सर्वांत नवा बेल्ट सोडून दिला. ज्या घरावर पाते पडू नये म्हणून तो बांधला होता, त्याच घरात तो गेला, हे मला दुसऱ्या दिवशी सुचले.

४. परत मागायला गेलो नाही, असे नाही. पण वच्छलाबाईंचा सोडला तर मोटर तळाशी जाते. जगदेवरावांचे सोडले तर टिने उडून कोणाची मान कापतील सांगता येत नाही. तिसऱ्याबद्दल लिहीत नाही. तिथे मी गेलो, पाळण्यात पाहिले, आणि हात हलवून परत आलो.

त्यातच कंपनीच्या पुस्तिकेत स्पष्ट छापले आहे की, कंपनीच्या बेल्टाने बांधलेली प्रत्येक वस्तू माल समजली जाईल व तिच्या सुरक्षिततेस चालक व्यक्तिशः जबाबदार राहील. माझ्या बिल्टीवर, म्हणजे मालाच्या पावतीवर, एक पाते आहे. पुस्तिकेप्रमाणे मात्र माझा माल पुढीलप्रमाणे होतो: पाते, अर्ध्या विहिरीतली मोटर, जगदेवरावांची टिने आणि एक मुलगी (बारसे व्हायचे असल्याने नाव देता येत नाही). हा सगळा माल मला ठरल्या ठिकाणी सुखरूप उतरवायचा आहे. मुलगी कुठे उतरवायची, हे बिल्टीत नाही.

५. आज पात्याच्या टोकाला एकच बेल्ट उरला आहे. गावाने आपापली दावी आणि जुनी लुगडी आणून बांधली, त्याबद्दल मी ऋणी आहे, पण लुगड्याने पाते थांबत नाही, फक्त बरे दिसते. दुपार कलली की पश्चिमेकडून वारा येतो. पात्याचा जन्मच वाऱ्यासाठी झालेला आहे, त्याला कोणी सांगितलेले नाही की अजून खांबावर चढलो नाही. वारा आला की ते टोक उचलते, खाली ठेवते, पुन्हा उचलते, जणू उठू का म्हणून विचारते. ट्रेलर कुरकुरतो. बेल्ट वाजतो. काल त्याची एक कड उसवली, ती मी दातांनी गाठ मारून ठेवली. मी तेव्हा बेल्टाला दोन्ही हातांनी धरून बसतो. माझे वजन किती, पात्याचे किती, हे मला कळते. तरी धरतो. वाऱ्याचा जोर वाढला की मी मोठ्याने बोलतो, म्हणजे बेल्टाचा आवाज ऐकू येत नाही. काय बोलतो ते आठवत नाही. एकदा जगदेवराव म्हणाले, "अबे, तू त पात्याले माफी मागून राह्यला."

६. मी मनकर्णाबाईंना घर सोडायला सांगितले. त्यांचे उत्तर शब्दशः देतो. "सव्वा मयना झाल्याबिगर लेकरू उंबऱ्याभाईर नेत नसतात. आन तू हायेस ना वर? मंग मी कायले जाऊ?"

मी म्हणालो, मावशी, मी भरवशाचा नाही. त्या म्हणाल्या, "सरकारनं लिहून देल्लं हाय. सरकार का तुयासारखं खोटं बोलते?"

यानंतर मी स्वतःचे नाव खराब करण्याचे प्रामाणिक प्रयत्न केले. त्यांच्या अंगणात वाळत घातलेल्या मिरच्या भरदिवसा, त्यांच्या डोळ्यांदेखत, दोन ओंजळी उचलल्या. त्या आतून ओरडल्या, "तेलात तळून खाय, नाईतर पोट जळन." दुसऱ्या दिवशी त्यांचा पितळी तांब्या चोरला आणि पकडले जावे म्हणून फाटकाशी थांबलो. त्यांनी तो हातातून घेतला, ताक भरून परत दिला. मग मी त्यांना खरे सांगितले की, एकदा गाडी चालवताना मला डुलकी लागली होती. त्यावर "झोप त मानसाले लागतेच, बावा" असे म्हणून त्यांनी मला गोधडी दिली. ती मी पात्याखाली अंथरली आहे. चांगली आहे. तिच्यावर आता मला झोपही लागते, म्हणजे भीती आणखी वाढली.

७. सरपंच माणिकराव हे घर खाली करण्याची विनंती घेऊन गेले होते. मनकर्णाबाईंनी चहा ठेवला. माणिकराव चहा पिऊन, लेकराच्या हातावर दहा रुपये ठेवून, विनंती तशीच खिशात घेऊन परत आले. तरी आपण नोटीस पाठवू नये. त्या घरात कागद गेला की चहा होतो. जगदेवराव, जे त्यांचे चुलत दीर लागतात, ते जरा कडक बोलले, तर "तू आधी तुयं टिन सांभाळ" एवढे ऐकून परतले.

एक बाब लपवत नाही. मी पळून जाऊ शकलो असतो. शेलूबाजारला जीपा मिळतात, अनसिंगला माझी आई आहे. माल सोडून गेलो तर कंपनी चोरीची केस करणार, ही भीती होती, पण ती आता फार मागे राहिली. खरी अडचण अशी की मी गेलो तरी मनकर्णाबाई समजणार की मी वरच आहे. सकाळी एक भाकर जास्त थापतील. आणि दुपारी वारा येईल.

८. सबब विनंती की:

(अ) सोबत जोडलेला मूळ दाखला रद्द करून, "अमरदीप लखीराम आडे हा भरवशाचा नाही, त्याच्या भरवशावर कोणीही झोपू नये" असा नवीन दाखला द्यावा. शिक्का गोल व मोठा असावा.

(ब) दाखला आपण स्वतः वाचून दाखवावा. चहा घेऊ नये.

(क) इतके करूनही त्या हलल्या नाहीत, तर मला अटक करावी. गुन्हा कोणताही चालेल, मिरच्या आहेतच. मात्र अटक ट्रेलरजवळ करू नये. मला धरून खाली त्यांच्या ओट्यासमोर आणावे आणि तिथे करावी. कॉलर धरावी. शक्य झाल्यास एक कानाखाली द्यावी, माझी हरकत नाही, लेखी देतो. मला मार बसताना पाहून मनकर्णाबाई भांडायला बाहेर येतील, याबद्दल माझी खात्री आहे. त्या घरात असल्या की जागे लेकरू त्यांच्या खांद्यावरच असते, त्या ते खाली ठेवत नाहीत. रागात त्यांना सव्वा महिना आठवणार नाही. आईच्या मागे वैजयंतीताई येतीलच.

त्या आपणास पुष्कळ बोलतील. आपल्या घरच्यांपर्यंत जातील. आपण ऐकून घ्यावे, उलट बोलू नये, आणि एकेक पाऊल मागे सरत रस्त्यापर्यंत यावे, म्हणजे त्याही येतील. तिघी रस्त्यावर आल्या की दाराला कडी लावावी, आणि मला सोडावे. मला लगेच वर जायचे आहे.

हा अर्ज जगदेवराव यांच्या हाती पाठवत आहे. त्यांना मजकूर माहीत नाही. यात त्यांच्या टिनांची तारीफ आहे असे मी सांगितले आहे, तरी कृपया तसे दाखवावे. उत्तर लिहून पाठवण्यात वेळ घालवू नये. आपण यावे. झाडांची पाने हलायला लागली आहेत.

आपला,
नम्र, व कळावे की हात सोडून सही केली आहे,

अमरदीप लखीराम आडे

स्थळ: सावरटेकचा चढ
दिनांक: १४ मे, दुपार