माझ्या नावाच्या पुडीतली धूळ

वहिनी,

धुळीचा रिपोर्ट फ्रिजवर लावलाय. बाळाला धाप लागते ती माझ्या खोलीतल्या जंतूंमुळे, असं सांगून तुम्ही महिनाभर दादाचे कान भरलेत, म्हणून मी दोन रिकाम्या पुड्या दिल्या होत्या. एक तुमच्या खोलीतल्या धुळीसाठी, एक माझ्या खोलीतल्या. “वन्सं, तुम्ही भरल्यात तर लबाडी कराल,” म्हणालात, म्हणून तुमच्याच हातांनी भरू दिल्या.

काल आमच्या लॅबमध्ये मास स्पेक्ट्रोमीटरवर दोन्ही तपासल्या. तुमची पुडी स्वच्छ. माझीत मात्र जंतूंच्या कवचातलं आम्ल नऊपट निघालं. जंतू मेले तरी ते धुळीत राहतं आणि श्वासातून छातीत जातं.

लगेच दादाला फोन लावू नका. तुम्ही पुड्या भरल्यात त्या दिवशी माझ्या खोलीला कुलूप होतं आणि किल्ली माझ्या पर्समध्ये. शिवाय माझ्या नावाच्या पुडीत बाळाच्या पिवळ्या दुपट्याचे धागे होते.

माझ्या माथी मारायला घरातली सगळ्यात घाण धूळ कुठून खरवडलीत, ते तुम्हालाच ठाऊक. तुमचं तोंड बघायची इच्छा नाही, मैत्रिणीकडे राहायला चाललेय.

तेवढा पाळणा आजच्या आज तिथून हलवा.