सेंटर-हाफचा गुडघा

मंगळवार, ११ नोव्हेंबर

अलिझाच्या डाव्या गुडघ्याचं लिगामेंट पूर्ण फाटलंय. सलीमानेच फोनवर सांगितलं — एमआरआयचा रिपोर्ट तिच्या हातात होता. डॉक्टर म्हणतात, ऑपरेशन लवकर उरका, मग नऊ महिने हॉकी नाही. अलिझा म्हणते, आधी स्पर्धा संपू दे.

उपांत्य सामना बावीसला. तो जिंकला तर तीसला अंतिम, आणि तो बघायला राज्य संघाची निवड समिती येणार. पोरगी एकवीस वर्षांची. खडकीच्या आमच्या जुन्या क्लबची सेंटर-हाफ, सलीमाच्या बहिणीची मुलगी. सलीमा तिची कोच. म्हणजे घरात तोच विषय, मैदानावर तोच.

"विजू, पेपरात नको हं!" सलीमाने मला बजावलं.

चाळीस वर्षं बातम्या दिल्या. ही फक्त या पानावर.

बुधवार, १२ नोव्हेंबर

काल 'सेंटर-हाफ' लिहिलं आणि दिवसभर डोळ्यांपुढे शहाऐंशी साल.

तेव्हा टर्फ कुठलं! मुरमाचं मैदान, फक्कीच्या रेघा. वारा सुटला की अर्धी रेघ आमच्या डोळ्यांत. मी पेपरात नवी, सदाशिव पेठेतून सायकल मारत खडकीला जायची. सलीमा सेंटर-हाफ. लांब वेणी, खेळताना ती शर्टात खोचलेली.

उपांत्य सामन्यात मध्यंतरानंतर तिचा गुडघा गेला. तेव्हा दोनच बदली खेळाडू मिळायचे, आणि बाहेर गेलेलीला परत आत येता यायचं नाही. आमचे दोन्ही बदली आधीच उतरवलेले. सलीमा क्रेप बँडेज गुंडाळून शेवटपर्यंत खेळली, आणि तिच्याच पासवर गोल झाला! मुलींनी तिला खांद्यावर घेतलं आणि नाचत थेट बाजारापर्यंत. गोळेवाल्याकडून बर्फाचा मोठा तुकडा आणला — तो तिच्या गुडघ्यावर. उरलेल्याचा काला खट्टा करून आम्ही चोखला. सलीमाने तर दोन गोळे खाल्ले. रस मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलेला, आणि ती हसतेय.

माझं नाव घालून छापलेली ती पहिली बातमी.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

क्रीडा पानाचा योगेश फोनवर — "मॅडम, अलिझाचं काही ऐकलंत का? लंगडत होती म्हणे."

म्हटलं, "हॉकी खेळणारी लंगडली नाही, तर बातमी."

हसला. खोटं बोलले नाही. खरंही सांगितलं नाही.

रविवार, १६ नोव्हेंबर

सकाळी सरावाला गेले. अलिझाने ट्रॅकपँटखाली ब्रेस चढवलेला. सरळ धावते तेव्हा काही कळत नाही. वळताना मात्र डावा पाय टेकवायला बिचकते.

मैदानाच्या कडेला गाठलं. बोलायच्या आधीच तिने हात जोडले.

"मावशी, प्लीज! लेक्चर नको. फक्त दोन मॅच."

"गुडघ्यातली गादी फाटली तर?"

"फुल मॅच कुठे खेळतेय? तीन मिनिटं आत, मग बाहेर, परत आत. आता कितीही वेळा जाता येतं. तुमच्या वेळी नव्हतं ना असं!"

"आमच्या वेळी बरंच काही नव्हतं. एमआरआयसुद्धा."

"तरी सलीमाखाला खेळलीच ना? आणि तुम्हीच लिहिलंत —" आणि चक्क पाठ म्हणून दाखवलं — "'वेदनेची पर्वा न करता तिने हात उंचावून चेंडू मागितला.' क्लबात फ्रेम करून लावलंय. मी सहावीत असल्यापासून वाचतेय!"

माझंच वाक्य.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

सलीमाकडे. पहिल्या मजल्यावर घर. जिना ती आडवी होऊन उतरते, कठडा धरून, एकेक पायरी. मांडी घालून बसणं कधीच संपलं. नमाज खुर्चीवर. तिच्याही ऑपरेशनची तारीख दोनदा ठरली आणि दोनदा पुढे गेली. एकदा शिबिर, एकदा भाचीचं लग्न.

"तू कोच आहेस. खेळवू नकोस तिला."

"म्हटलं होतं. तर म्हणते, तू केलंस का ऑपरेशन? मग? काय बोलू? माझं तोंडच बंद करते कार्टी."

मग आम्ही नेहमीसारख्या जुन्या गोष्टींवर आलो. लाल विटकरी स्कर्ट, ज्यांचा रंग पहिल्या धुण्यात सगळ्या मोज्यांना लागला. मॅचला निघताना तिची अम्मी रुमालात बांधून द्यायची ती खजूर-बदामाची पुरचुंडी — टीमपर्यंत कधी पोचली नाही, रस्त्यातच आम्ही दोघी! हसून हसून डोळ्यांत पाणी. मी पुन्हा शहाऐंशीचा तो गोल काढला. चहा गार झाला म्हणून सलीमा आत गेली आणि बराच वेळ आतच राहिली.

शनिवार, २२ नोव्हेंबर

जिंकलो, २-१. तिसऱ्या क्वार्टरमध्ये अलिझाचा गुडघा निसटला. माझ्या समोर. पडली, उठली, बाहेर आली, आणि चार मिनिटांनी परत आत! सलीमाने तिला रोखलं नाही. मला वाटतं, तिच्याने रोखवलं नाही.

प्रेक्षकांत टाळ्या. मीही वाजवल्या.

रविवार, २३ नोव्हेंबर

हे नीट लिहायला हवं.

दुपारी सलीमाकडे गेले. अलिझा दिवाणावर, पाय दोन उशांवर, गुडघा भोपळ्याएवढा. तरी तोंड चालूच — "फायनलपर्यंत सूज उतरेल. खाला, तुझीसुद्धा उतरली होती ना?"

सलीमा बर्फाची पिशवी बदलत होती. वर न बघता म्हणाली, "मी चेंडू मागितला नव्हता."

आम्हाला कळेचना.

"हात वर केला होता ना, तो. बाहेर घ्या म्हणून केला होता. दोनदा. आमच्या कोच सरांनी पाहिलं आणि मान फिरवली. बदली खेळाडू उरलीच नव्हती, काय करणार ते तरी."

"आणि पास?" अलिझाने विचारलं.

"कसला पास! चेंडू स्टिकवर येऊन आदळला, मी ढकलला. समोर कोण होतं अल्लालाच ठाऊक."

मी म्हटलं, "सलीमा, इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"कशी बोलणार? सगळ्यांनी खांद्यावर घेतलेलं. खाली कसं उतरायचं गं?"

अलिझाने हळूच विचारलं, "खूप दुखत होतं?"

"दुखणं नंतर. आधी भीती. पाय आपला नाहीच असं वाटत होतं. काल तू पडलीस ना, तेव्हा तुझा चेहरा पाहिला मी. तोच होता."

रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला.

मी त्या दिवशी रेघेला चिकटून उभी होते. हात वर गेलेला मी स्वतः पाहिला. बावीस वर्षांची होते, वाक्य सुचलं, लिहिलं, पान लागायच्या आत पोचवलं. तिला विचारावं असं मनातही आलं नाही. गोळा मात्र तिच्या शेजारी बसून खाल्ला.

निघताना अलिझाने "खुदा हाफिज" म्हटलं नाही. छताकडे बघत पडली होती.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

तिकडून फोन नाही. मीही केला नाही.

बुधवार, २६ नोव्हेंबर

संध्याकाळी अलिझाचा फोन. "मावशी, आता छापा. नाव घालून. परत कधी खेळणार ते लिहू नका, ते मीच सांगेन."

तिचं ऑपरेशन परवा, शुक्रवारी सकाळी. अंतिम सामन्यात सेंटर-हाफला राखीव खेळाडू सृष्टी खेळेल. निवड समिती येईल, तिला बघेल. योगेशला चार ओळी पाठवल्या.

सलीमाचं ऑपरेशन डिसेंबरात — तारीख अलिझाने ठरवून टाकली. "हेही छापा!" म्हणत होती, आणि मागून सलीमा ओरडत होती, "विजू, खबरदार!"