आधी तीट, मग वजन

मंगळवार, संध्याकाळ

आज पालकसभेत माझंच चुकलं की काय? अंगणवाडीत चार वर्षांच्या अर्णवला काट्यावर उभं केलं आणि सगळ्यांसमोर बोलून गेले, "वयाच्या मानानं वजन जास्त आहे. पोट भरल्यावर बळंच चारू नका." त्याच्या आजीनं तडक त्याला उचललं, कानशिलावर कडाकडा बोटं मोडली आणि पिशवीतली डबी काढून गालावर काजळाची तीट लावली. "लेकरू जरा अंगानं भरलं तं काऊन दृष्ट लावता, बाई?" म्हणत निघूनच गेली. असा राग आला! वजन सांगणं म्हणजे दृष्ट लावणं? पण चारचौघांत सांगायची गरज होती का? दिवसभर ती तीट डोळ्यांसमोरून हलेना.

आणि आत्ता दिवेलागणीला तीच आजी नातवाला घेऊन दारात. म्हटलं, आता भांडणार. तर पायरीवर बसली.

"तुमचा राग आलता मले. पण दुपारी यानं तोंड फिरवलं, तं म्या घास ताटातच ठेवला. म्हटलं, पाहू. आता म्हणते कसा, आजी, भूक लागली, भाकर दे!" डोळे भरून आले तिचे. "रोज मीच ताट घेऊन याच्या मांगं पळते. आजपावतो यानं मले कधी जेवाले मांगतलंच नव्हतं, बाई."

अर्णव अंगणात कोंबडीमागे धावत होता. घामानं तीट गालभर पसरलेली.

उद्या वजनकाट्याशेजारी काजळाची डबी ठेवते. आधी तीट, मग वजन. आणि आकडा फक्त आजीच्या कानात.