सुनीताला शिकवलेला पंजा

१४ ऑक्टोबर ९९
सुनीता आजही आली. खालच्या क्वार्टरमधली, प्रकाशची बायको. तो आणि माझा नवरा रफीक एकाच शिफ्टची बस पकडतात. बस वळली की ही मागच्या जिन्यानं वर. हॉलमधल्या माझ्या कुंगफूच्या क्लासला ये म्हटलं तर नको. "तिथं सगळ्या मले पायतीन. मले एकटीलेच शिकवा."
गच्चीवर बगळ्याचा पवित्रा घेतला. एक पाय वर, हात पंखासारखे. क्लासच्या मुली डुगडुगतात, ही गप्प उभी.
"आमच्या धानाच्या बांधीत बगळेच बगळे असतेत, ताई. त्याईलेच पायत मोठी झाली मी."
हसली. तिला हसताना आज पहिल्यांदा पाहिलं.
माझे उस्ताद म्हणायचे, बगळा भांडत नाही, निसटतो. हिला तेवढंच शिकवायचं. मनगट धरलं तर सोडवून घ्यायचं, दार गाठायचं. बस.

२३ ऑक्टोबर
दंडावर बोटांचे वळ. कसले ते विचारावं लागलं नाही.
"त्याईचा हात जड हाय."
माहेरी सांगितलंस का?
"सांगतलं. आई म्हनते, कोनाचा नवरा मारत नाई वं?"
चहा तसाच ठेवला. मग जिन्यात थांबून, "ताई, बगळा पुरे झाला. वाघ शिकवा ना."
नाही म्हटलं. वाघ निसटत नाही, मारतो.

२९ ऑक्टो.
शिकवला.
तिनं पुन्हा मागितलाही नव्हता. मीच म्हटलं, ये, पाय रुंद टाक. तळहात खालून वर, हनुवटीवर. बोटं वाकडी, जोर कमरेतून. मी समोर उशी धरली. थोड्या वेळानं माझेच पाय मागं सरकायला लागले.
आनंद झाला मला. खरं तेच लिहिते. इतकी वर्षं शिकले, शिकवलं, पण कोणाला कधी खरा हात लावला नाही. पोरी गॅदरिंगपुरत्या येतात. हिला हे लागणार आहे, असं मनात आलं, आणि ते मनात येणं आवडलं.
आता लिहिताना नाही आवडत.

९ नोव्हेंबर
दिवाळीचा फराळ घेऊन प्रकाश स्वतः वर आला. "भाभी, चिवडा कसा जमला ते सांगा." रफीकशी गप्पा, टाळ्या, हसणं. चांगला बोलतो मेला. मी त्याचे हात पाहत बसले.
तो गेल्यावर र. म्हणे, "अच्छा आदमी है."
तेव्हाच सगळं सांगायला हवं होतं. र.नं त्याला बाजूला घेऊन समजावलं असतं. निदान प्रयत्न झाला असता. पण कोणाला सांगू नका म्हणून सु.नं शपथ घातलेली. शपथेचं निमित्त, दुसरं काय.

२८ नोव्हें.
दुपारी खालून धप्प आवाज. धावत गेले. सु. दारात. प्रकाश स्वयंपाकघरात, ओट्याला डोकं आपटून पडलेला. कानातून रक्त.
"केस धरले वं ताई त्याईनं. मंग माहा हात..."
हात अजून तसाच वर, बोटं वाकलेली. मी धरून खाली केला.
आणि मी म्हणाले, तिनं नाही, मी म्हणाले, "पाय घसरला म्हण."
प्लँटची अँब्युलन्स आली. र. सोबत गेला.

३ डिसेंबर
नागपूरला नेलं, डोक्याचं ऑपरेशन झालं. र.नं रक्त दिलं. घरी येऊन म्हणतो, "कैसा गिरा होगा बेचारा." मी त्याला गरम भात वाढला. वर तूप.

१५ डिसें.
रोजे सुरू आहेत. उपाशी राहणं जमतं. नमाज झाल्यावर हात पसरले की जमत नाही. काय मागू? तो बरा व्हावा? बरा झाला की पुन्हा तिचे केस त्याच्या हातात. मग होऊ नये? असं कोणी मागतं का अल्लाजवळ?
हात रिकामेच तोंडावरून फिरवले.
क्लास बंद ठेवलाय. मुलींना रोज्याचं कारण सांगितलं. तेही खोटं.

२ जानेवारी २०००
त्याला घरी आणलं. बोलतो, पण शब्द शोधत. उजवा हात लुळा. मूल गावाहून त्याची आई आली आहे. आज ती गुडघे धरत धरत जिना चढून वर आली.
"बाई, तुमी कसरत शिकवता म्हनते. डाक्टरनं हाताची कसरत सांगतली. माह्या पोराले शिकवा न जी."
हात जोडले तिनं. माझ्यापुढं.
सु. तिच्या मागं उभी. मान खाली.

४ जाने.
गेले. जे येतं तेच शिकवणार. पातेलंभर तांदूळ घ्यायचे, पंजा आत खुपसायचा, बोटं उघडायची, मिटायची. उस्तादांनी आम्हाला वाघाची पकड अशीच दिली होती. त्याची बोटं मी एकेक धरून वाकवते. गार हात. "थांक्यू भाभी" म्हणायला त्याला केवढा वेळ लागला.
तांदूळ सु.नंच आणून ठेवले.

१७ जाने.
अंगठा हलला. म्हातारी रडली. मलाही बरं वाटलं. सु.कडं पाहायचं टाळलं.
सु.नं जिन्यात गाठलं. "किती बरं करनार तुमी त्याईले?"
नको करू?
"मी तसं नाई म्हनलं."
माहेरी जा म्हटलं, मी सोडायला येते. तर म्हणे, "लुळ्याले टाकून पळाली म्हनतीन." मग कठड्यावर नख घासत राहिली. "आता झोप लागते मले, ताई. गाढ. त्याचंच वाईट वाटते."

२५ जाने.
र.ला आज सांगायचं ठरवून जेवायला बसले. त्यानं मीठ मागितलं. मीठ दिलं.

६ फेब्रुवारी
आज मूठ मिटली. पूर्ण. बोटांच्या फटींतून तांदूळ गळले. म्हातारी दाराशी सुपात डाळ पाखडत होती, "झाला माहा पोरगा बरा, झाला" करत. तो तिच्याकडं पाहत नव्हता. मुठीकडं पाहत होता. मग हळू, पण स्पष्ट,
"भाभी... हिले कोनं शिकवलं?"
म्हणजे त्याला आठवतं. कधीपासून आठवतं कोण जाणे.
सु. आतून आली, ओले हात पदराला पुसत.
"तुमीच," म्हणाली. "लगन झाल्यापासून शिकवूनच तं राह्यले."
सूप थांबलं. प्रकाशनं मूठ उघडली, हात परत तांदळात घातला आणि दाबायला लागला. कशासाठी, ते त्याच्या तोंडावरून कळेना.
तिनं मला पाठीशी घातलं आणि मी घालून घेतलं.
निघाले तर म्हातारी दारातून हलली नाही. आधी सुनेकडं पाहिलं, मग माझ्याकडं. आज हात जोडले नाहीत.
"उद्या याल न, बाई?"
हो म्हटलं.