कोबाल्ट मूनचा दुसरा भाग

नागापूर, नगर
रविवार, १७ जानेवारी १९९९

चि. तुषार यास ताईचा सप्रेम जयभीम.

तुझं पाकीट मिळालं. इकडे सगळं ठीक. आईचा खोकला थांबला. बाबांना कंपनीत सध्या पहिली पाळी आहे, त्यामुळे संध्याकाळी घरी असतात आणि टीव्हीवरच्या बातम्यांशी भांडतात. माझा कॉम्प्युटरचा क्लास चालू आहे. नव्या बॅचमधल्या मुलांचा माउस अजून टेबलावरून खाली पडतो.

तू पाठवलेलं मासिकाचं कात्रण वाचून मी इतकी हसत होते की आईनं विचारलं, "काय गं, कुणाचं लग्न ठरलं का?"

मी म्हटलं, "चंद्रावर पुन्हा लढाई ठरलीय."

"अगं बाई, पहिली संपली कधी?"

म्हणजे आपल्या कॉम्प्युटरवरच्या 'कोबाल्ट मून'चा दुसरा भाग खरंच येतोय तर, जूनमध्ये! पहिला किती साधा होता. खाणी काढा, कारखाने उभारा, सैनिक बनवा. आणि बुद्धिबळासारखी पाळीची वाट बघायची नाही, दोघांनी एकदमच लढायचं. क्लास सुटल्यावर दोन मशीन वायरनं जोडून आपण खेळायचो, तेव्हा कोबाल्ट खणणाऱ्या तुझ्या गाड्या मार खात तशाच खणत राहायच्या आणि तू खुर्चीवरून उठून ओरडायचास, "पळ की गं भवाने!" आता म्हणे मार बसला की त्या आपोआप तळाकडे वळणार. एका सैनिकाला चार-पाच हुकूम ओळीनं देऊन ठेवता येणार. बर्फाखाली राहणारी ती तिसरी जमात मला फारशी पटली नाही. काचेचे किडे लढाई कशी करतील?

बरं, एक विचारायचं होतं. पडद्यावर आता जास्त मैदान मावणार असं लिहिलंय. मग सैनिक केवढेसे दिसतील? ते मोठे करून बघायची काही सोय असेल का? तुझ्या दुकानात कॉम्प्युटर जोडणाऱ्यांपैकी कुणाला माहीत असेल तर विचार. आणि ते दिवस-रात्रीचं. चंद्रावर रात्र पडणार आणि रात्री सैनिकांना चार पावलांपुढचं दिसणार नाही. हे कुणाच्या डोक्यातून निघालं? रात्र बंद करता येईल का, तेवढं बघ. हल्ला कुठल्या बाजूनं झाला ते आवाज सांगणार, हे मात्र फार चांगलं केलं. तो आवाज स्पष्ट असेल ना?

तू म्हणशील, आवाज बंद करून खेळणारी ताई आवाजाची चौकशी का करतेय.

मध्ये एकदा क्लासहून येताना मी पाथर्डीच्या जीपला धडकले. जीप उभी होती. भर दुपार. ड्रायव्हर म्हणाला, "ओ मॅडम, येवढी मोठी जीप दिसंना व्हय तुमाला?" मी म्हटलं, विचारात होते. "मग ईचार घरी करा की," म्हणाला. सगळी जीप हसली. मीही हसले.

मी विचारात नव्हते, तुषार. जीप मला दिसलीच नव्हती.

नगरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. त्यांनी एका मशीनपुढे बसवलं. समोर बघायचं आणि बाजूला उजेडाचा ठिपका दिसला की बटण दाबायचं. मला वाटलं, हे तर आपल्या रोजच्या सवयीचं. मी बोट ठेवून बसले. बराच वेळ काही येईना, म्हणून विचारलं, "डॉक्टर, मशीन सुरू झालं का?" ते म्हणाले, "माधुरीताई, बरेच ठिपके येऊन गेले."

डोळ्याचा आतला पडदा वाळत चाललाय. आधी अंधारातलं जातं, मग बाजूचं, आणि मधलं कुणाकुणाचं पुष्कळ वर्षं टिकतं. औषध नाही. डॉक्टरांनी विचारलं, आईवडील नात्यातले आहेत का? घरात कुणाला रात्री दिसत नव्हतं का? तेव्हा मला जामखेडचा आसाराममामा आठवला. दिवेलागणीनंतर तो ओसरीवरून खाली उतरत नसे आणि सगळे त्याला आळशी म्हणायचे.

आणि मग त्यांनी विचारलं, "भावंडं किती?"

त्यासाठीच हे पत्र आहे. हे मी पहिल्या ओळीतच लिहायला हवं होतं, पण हात तिकडे वळेना. दिवाळीत आपण खेळलो तेव्हा माझे रणगाडे डाव्या कोपऱ्यातून आले आणि तुझ्या तळात शिरेपर्यंत तुला पत्ताच नव्हता. मी जिंकले म्हणून नाचत होते. आता तोच कोपरा सारखा आठवतो. तू लिहिलंस की मालक तुझ्याकडे टेम्पो देणार, रात्रीचा माल पोचवायला. डोळे तपासल्याशिवाय त्या टेम्पोत बसू नकोस. मालकाला काय वाटेल ते सांग. माझी शपथ आहे.

आईबाबांना अजून काही बोललेले नाही. आई भावाचं आठवून स्वतःलाच बोल लावत बसेल.

उत्तर लगेच टाक. खेळाचं मागाहून लिहिलंस तरी चालेल.

तुझी,
ताई



पुणे
गुरुवार, २८ जानेवारी १९९९

प्रिय ताई, जयभीम.

डोळे तपासले. माझे चांगले आहेत. बघ, पहिल्या ओळीत लिहिलं.

मलाही त्या ठिपक्यांच्या मशीनपुढे बसवलं. सगळे दिसले. प्रत्येक वेळी बटण दाबताना वाटायचं, हा ताईला दिसला नसेल. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अहो, चांगली बातमी देतेय, तोंड का पाडलंत?" तर दिवाळीत मी हरलो ते निव्वळ मठ्ठपणामुळे. आता हे तू जन्मभर ऐकवणार, ऐकव.

तपासणी होईपर्यंत टेम्पोला हात लावला नाही. मालक म्हणाले, "विमान चालवायचंय का रे तुला?"

सैनिक मोठे करता येतील का, रात्र बंद होईल का, हे दुकानात कुणालाच ठाऊक नाही. आणखी एक आहे. नवा अंक आलाय. तो पिशवीत घालून मी नुसता फिरतोय, तुला कळवू की नको म्हणून. खेळ जूनमध्ये येत नाही. पुढच्या वर्षी म्हणतात, आणि तेही नक्की नाही. खेळ अजून चांगला करायचाय म्हणे. वाचून मला असा राग आला की दुकानातली खुर्ची लाथाडली. त्यांना वेळच वेळ आहे.

डॉक्टरीणबाईंना विचारलं, पुढच्या वर्षीपर्यंत ताईला पडद्यावरचं दिसेल का? त्या म्हणाल्या, "बघितल्याशिवाय कसं सांगू? घेऊन या त्यांना. पण पुढच्या वर्षी असं काय बघायचंय?" चंद्रावरची लढाई, असं काही माझ्या तोंडून निघेना. म्हटलं, आहे एक काम.

त्याच अंकात लिहिलंय की या वेळी दोघांना मिळून एकच सैन्य चालवता येईल. कडेचं मी बघेन आणि सांगेन. हुकूम मात्र तूच द्यायचेस, नाहीतर आपण हरलोच.

शनिवारी येतोय. आईबाबांना दोघं मिळून सांगू. तोवर तू एकटी काही बोलू नकोस. सोमवारी तुला इकडे घेऊन येईन. क्लासमध्ये रजा टाकून ठेव.

एस.टी. पोचेपर्यंत अंधार पडलेला असेल. एरवी येतेस तशी मला घ्यायला स्टँडवर येऊ नकोस. घरीच थांब. मी येतो.

तुझा,
तुषार