मोटारीवरचं ‘वर’

प्रिय येसू,

अक्षर बघून दचकू नकोस, या वयात मी काही शाळेत गेलेले नाही. सांगते मी आणि लिहिते तुझी कोकिळा काकी. मागच्या खेपेला शेजारच्या गोदूच्या नवऱ्याकडून पत्र लिहवलं, तर त्यानं माझ्या शिव्या गाळून ते असं गुळगुळीत केलं की तुला वाटलं असेल, म्हातारी मरायला टेकली. म्हणून काकीला बजावलंय, बाई, माझ्या तोंडातून पडेल ते सगळं उचल, चांगलं-वाईट निवडत बसू नकोस. ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसली, म्हणून तेही लिही म्हटलं.

तिचं हसू कुठं गेलं होतं ते आधी सांगते. तुझ्या दयारामकाकानं मोटार घेतली. रेवस बंदरावर उतरणारं माणूस अलिबागपर्यंत छकड्यात हाडं मोजत जातं, त्याला मोटारीत बसवून न्यायचं, हे त्याच्या डोक्यात दोन पावसाळे घोळत होतं. त्यात बंदरावर, तिकिटाच्या खिडकीशेजारी, मुंबईच्या एका दुकानाची जाहिरात कुणी चिकटवली. काकानं ती पाठच केली. जेवताना म्हणायचा, माडाला पाणी घालताना म्हणायचा, ‘मजबूत मोटार लॉरी. किंमत रुपये अठराशे फक्त. वर बॉडी, छप्पर, बाकं आणि पाचवं चाक.’

आता वर म्हणजे काय, हे आपल्या आवास गावात शेंबड्या पोरालाही विचारावं लागत नाही. नारळाचा व्यापारी शंभर मोजून घेतो आणि वर सहा. त्या सहांचे पैसे नाहीत. रंगू कोळीण वाट्यावर दोन बांगडे टाकते, ते वरचे. वर म्हणजे विकणाऱ्यानं आपण होऊन सोडलेलं. काका म्हणाला, आई, शेट दिलाचा मोठा हाय, छप्परसुद्धा वर देतोय! मी म्हटलं, अरे, नारळ सहा वर देतात, माड न्हाय कुणी वर देत. पण मोटारीचं वारं शिरलेल्या माणसाला म्हातारीचं कुठं ऐकू येतंय? साठवलेलं सगळं बाहेर काढलं, तरी कमी पडलं, तेव्हा काकीनं हातातल्या पाटल्या उतरवून दिल्या. लिही गं, लाजतेस काय, तुझ्याच होत्या.

मोटार पडावातून येणार त्या दिवशी अख्खी आळी रेवसला. वाजंत्री, हार, हळदीकुंकू. मी नवं लुगडं नेसले, खोटं कशाला बोलू. पडाव धक्क्याला लागला, ताडपत्री काढली, आणि येसू, माझ्या हातातलं तबक तसंच राहिलं. चार चाकं, मधे लोखंडाचे दोन लांब वासे, पुढं एक धूर काढणारा पेटारा, आणि घासलेटच्या खोक्यावर बसलेला ड्रायव्हर. संपली मोटार. ना छप्पर, ना बाक, ना दार. सुरमई खाऊन ताटात काटा ठेवावा तशी. वाजंत्रीवाल्यांचा श्वासच अडकला. मी तर तोंडावर पदर घेतला, बाईमाणसानं बघू नये असं काहीतरी उघडं पडलंय असं वाटलं. तेवढ्यात तो मेला तुळशीराम गर्दीतून ओरडला, दयाराम, कातडं मागच्या बोटीनं येतंय काय रं? लोक इतके हसले की धक्का हलला. काका हसला नाही. त्यानं मोटारीला हार घालायला जागा शोधली, सापडली नाही, शेवटी हार ड्रायव्हरच्या गळ्यात घातला.

मुंबईत काय झालं ते नंतर त्याच्याकडून तुकड्या-तुकड्यानं काढलं. अठराशे मोजून झाल्यावर दुकानातला माणूस म्हणाला, शेट, आता वरचं. काका म्हणाला, द्या की. तो म्हणाला, तुम्ही द्या. असे दोघं एकमेकांकडे हात पसरून उभे! बॉडीचे वेगळे, छपराचे वेगळे, पाचव्या चाकाचे वेगळे, नंबराच्या पाटीचे वेगळे. आणि एक डिलिवरी म्हणून असतं. ते काय, तर मोटार दुकानाबाहेर काढून देण्याचे पैसे. म्हणजे म्हैस विकत घ्यायची आणि वर तिचं दावं सोडायचे पैसे द्यायचे. सगळं मिळून अठराशेचे होत होते सव्वीसशे. दुकानदार म्हणाला, पण शेट, कुणाला माल वाहायचा असतो, कुणाला माणसं, बॉडी ज्याची त्याला हवी तशी, आम्ही आधीच कशी धरणार? बोलणं अगदीच खोटं नाही, मीही विचार केला. पण मग मोटार म्हणू नये ना बाबा, सांगाडा म्हणावं. आणि पाटीशिवाय सरकार रस्त्यावर येऊ देत नाही, तर ती कुणाला नको असते? तिचे पैसे आधीच आकड्यात धरायला कुणाचं काय जात होतं? आमची रंगू पाटीभर मासळी घेऊन दारात येते. वाटा चार आणे म्हणाली की चार आणे. निवडून झाल्यावर ती म्हणेल का, पाटीचा एक आणा, होडीचा एक आणा, माझ्या चालण्याचा एक आणा? म्हटलीच, तर बायका तिला खाडीपर्यंत सोडायला जातील, आणि ते काही प्रेमानं नव्हे.

पैसे परत मिळेनात. म्हणून काकानं जवळ उरलं त्यात पाटी आणि डिलिवरी भागवली आणि सांगाडाच घरी आणला. बॉडी सदा सुतारानं केली. सदाला बिचाऱ्याला मासेमारीचे मचवे बांधण्यापलीकडे काही येत नाही, तेव्हा मोटारीला छान होडीची नाळ आली, कडेनं वरवंडी आली, डांबरसुद्धा आतून फासलं. अलिबागच्या साहेबानं तिला चारी बाजूंनी बघितलं आणि विचारलं, ही मी रस्त्यावर पास करायची की बंदरात? तेव्हापासून ती आपल्या अंगणात उभी आहे. कोंबड्यांना आवडली आहे. हसलास ना? हास. मला तू हसलेला हवा होतास, म्हणून एवढं मीठमसाला लावून सांगितलं. आता हसू आवर आणि पुढचं वाच.

काकाच्या तोंडून एकदा बोलता-बोलता निसटलं होतं, आई, त्या दुकानात काचेपलीकडे आपल्या येसूसारखा एकजण दिसला. तसेच कुरळे केस, कानावर टाक. लगेच म्हणाला, पण नसंल तो. मीही म्हटलं, मुंबईत कुरळ्या केसांना काय तोटा. परवा दुपारी अंगणात नारळ मोजणी चालली होती. मी सुपारी कातरत होते. व्यापाऱ्याच्या माणसानं आरोळी दिली, शंभर पुरे, आणि वर सहा! आणि माझा अडकित्ता हातातच मिटला. मुंबईच्या शेटला नारळाचा वर कुठनं ठाऊक? त्यानं जादा खर्च लिहिलं असतं, निराळे आकार लिहिलं असतं. ते वाचून आपला माणूस थांबला असता, दहा जणांना विचारलं असतं. वर या शब्दावर आपला माणूस थांबत नाही, त्याला तो आपल्या बाजूचा वाटतो. हे ठाऊक असायला याच अंगणात उकिडवं बसून ती आरोळी देत वाढावं लागतं. आणि दिवाळीच्या पत्रात, दुकानाचं नाव न सांगता, तूच कळवलं होतंस, मोटारीच्या दुकानात मराठी कागद लिहायची नोकरी लागली, साहेब खूश आहे, कोकणातलं गिऱ्हाईक वाढलं.

अर्धी सुपारी तशीच टाकून मी उठले रे.

हे मी आत्ता पहिल्यांदाच तोंडातून काढते आहे. मला वाटलं होतं, ऐकून कोकिळेच्या हातातला टाक गळून पडेल. येसू, तो थांबलासुद्धा नाही. मी विचारलं, अगं, तुला ठाऊक होतं? तिनं मान वर केली नाही. म्हणाली, ह्यांनी तिथंच ओळखलं होतं आत्याबाई. येसू मागच्या दारानं निघून गेला, तोही ह्यांनी बघितला. हाक नाही मारली. म्हणाले, गावच्या माणसानं दुकानात गोंधळ घातला तर पोराची नोकरी जाईल. आणि मला शपथ घातली, आईला कळता कामा नये, तिचा जीव आहे त्याच्यावर. लिही कोकिळे, हेही लिही. मी या घराची मोठी, आणि सगळ्यांत शेवटी मलाच कळलं. मी काकाला वेडा म्हणत होते. तो तुला झाकत होता, आणि वर माझ्यापुढं स्वतः वेडा ठरत होता. तुझा बाप गेल्यावर ज्यानं तुला पाटी-पेन्सिल आणून दिली, त्याच्याकडे तू काचेतून बघितलंस आणि दार शोधलंस. याच्यापुढं मला बोलायला येत नाही. मला, येसू!

मुद्दाम लिहिलंस, की साहेबानं सांगितलेलं मराठीत उतरवताना आपल्या घरचा शब्द आपोआप हातात आला, ते मी विचारत नाही. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि तो तुझा तुला माहीत. पैसेही मागत नाही. पत्र लिहवलं ते शिवदाससाठी. चौलचा शिवदास, मचवेवाला. तीच जाहिरात वाचून त्यानंही मोटार घ्यायचं धरलंय, आणि त्यासाठी मचवा विकायला काढलाय. घरात खाणारी सात तोंडं आणि कमावणारा तो एक मचवा. आपल्या अंगणातली मोटार बघून गेला, तरी म्हणतो, दयारामकाका भोळा, माझ्या ओळखीचा येसाजी आहे ना मुंबईत, तो फसू देणार नाही. हे तो माझ्या तोंडावर म्हणाला आणि मला मान हलवावी लागली. मचव्याच्या गिऱ्हाईकाला त्यानं तुझं उत्तर येईपर्यंत थांबवलंय. तेव्हा मोटार रेवसच्या रस्त्यावर माणसं घेऊन धावायला लागेपर्यंत सगळे मिळून किती रुपये लागतात, तो एक आकडा लिही. एकच. त्याच्या पुढं-मागं काही नको. घ्यायची की नाही ते मग शिवदास ठरवील. आणि बंदरावरच्या जाहिरातीतही तोच आकडा घाल. शेट नको म्हणाला, तर टाक खाली ठेव आणि घरी ये, भात आहे. उत्तर आलं नाही, तर जाहिरात कुणाच्या हातची ते शिवदासला मी स्वतः सांगेन. काकी विचारते आहे, एवढं कडक लिहू का. लिही म्हटलं. शिवदास आत्ता पडवीत बसून पेज पितोय, बाकीचं सगळं हळू बोलले, पण त्याला ऐकू जाईल असं एवढंच मोठ्यानं सांगितलंय मी, आमचा येसू खरं तेच लिहील.

तुझ्यावर जीव असलेली, तुझीच आजी
बायजा
(शाईचा डाग नव्हे, माझा अंगठा आहे)